मुलुंड स्लो, चौथी सीट : तिसरी वही संपली

मंडळी, लोकलमध्ये चित्रं काढायची माझी तिसरी वही बुधवारी संध्याकाळी नाहूर सुटल्यावर संपली. ९६ पानं, सव्वाचार महिने. त्यातली दाखवण्यासारखी ११. दुसऱ्या वहीत ४ होती, पहिलीत एकही नाही.

नव्यांसाठी मागचं थोडक्यात. सातवीत मी एलिमेंटरीला, म्हणजे चित्रकलेच्या सरकारी परीक्षेला, बसले होते. वस्तुचित्र बरं यायचं, भूमिती घोकून झाली होती, घात केला तो स्मरणचित्राने. सरावाच्या पेपरात विषय आला ‘बसस्टॉपवरची रांग’. मला चेहरे जमत नसत, म्हणून रांगेतली सगळी माणसं पाठमोरी काढली. पावलंही जमत नसत, म्हणून पुढे गवत. मुंबईत, बसस्टॉपवर, गुडघाभर गवत! सरांनी कागद वर्गाला दाखवून विचारलं, “सगळे तुझ्यावर रुसलेत का गं?” वर्ग हसला, मीही हसले. परीक्षेत सी ग्रेड आली आणि इंटरमीजिएटचा फॉर्म मी भरलाच नाही. पुढची तीसेक वर्षं “मला चित्रकला येत नाही” हे मी “मला पोहता येत नाही” इतक्या सहज सांगत आले. दारात रोज रांगोळी काढत होते, ठिपके न मोजता, हातानेच. ती या हिशेबात धरायची असते हे कधी डोक्यातच आलं नाही.

दोन वर्षांपूर्वी हौसेने महागाची वही आणली होती, कॉटनच्या जाड कागदाची, ३०० जीएसएम. ती आठ महिने कोरी राहिली. एका पानाला ४० रुपये पडत होते, म्हणजे बिघडलं की एक वडापाव आणि दोन कटिंग पाण्यात. शेवटी ऑफिसात फुकट मिळालेली गेल्या वर्षाची डायरी उचलली. रेघा आखलेल्या, वर तिथी, खाली सुविचार. तिच्यावर चांगलं चित्र येणं शक्यच नव्हतं, त्यामुळे हात चालला. पहिली वही ती.

आता गाडीबद्दल, कारण गेल्या नोंदीनंतर तिघांनी तेच विचारलं होतं. चौथ्या सीटवर, म्हणजे तिघींच्या बाकावर चौथी म्हणून टेकून, अर्धं बूड बाहेर असताना रेघ सरळ येते का? येत नाही. मी दोन गोष्टी करते. मोठी रेघ गाडी थांबते तेव्हाच ओढते. स्टेशनात वीसेक सेकंद मिळतात, तेवढ्यात खांद्यापासून कोपरापर्यंत हात होतो. गाडी चालू असताना केस, साडीच्या निऱ्या, पिशवीच्या सुरकुत्या; तिथे धक्का लागला तर उलट बरंच दिसतं. दुसरी गोष्ट म्हणजे कागदाकडे न बघता काढणं. नजर समोरच्या बाईच्या बाह्यरेषेवरून मुंगीसारखी चालवायची, पेनही त्याच वेगाने, आणि खाली बघायचं नाही. निघतं ते भयंकर असतं, नाक कानात जातं. पण “जमतंय का” हे बघायला डोळेच मोकळे नसतात. पहिला महिना मी दुसरं काही केलंच नाही.

डोक्यावरची हँडलं मला फार दिवस छळत होती. एकही दुसऱ्यासारखं नाही, सगळी वेगळ्या कोनात झुलणारी. मग हँडलं सोडून दिली आणि त्यांच्या मधली रिकामी जागा काढली. एक तिरपा त्रिकोण, एक पोपटाच्या चोचीसारखा तुकडा, असं करत गेले. जागा बरोबर आल्या तर हँडलं आपोआप आली! ही युक्ती जुनीच आहे, शिकलेल्यांना ठाऊक असेल. मला ती घाटकोपरच्या गर्दीत कळली.

आणि हो, उभ्या बायका. चौथ्या सीटवरून उभ्या असलेल्यांच्या पाठीच दिसतात. ब्लाउजच्या नाड्या, घामाने मानेला चिकटलेली बट, एका खांद्यावर जास्त भार दिला की दुसरा किती वर जातो ते. ११ पैकी ७ पानं पाठमोरी आहेत. सर, रुसलेलं कुणी नाही.

मधल्या एका रविवारी सीएसएमटीला गेले, रस्त्याच्या पलीकडे उभी राहिले आणि उरली हिंमतही गेली. फ्रेडरिक स्टीव्हन्सने आखलेली, १८८८ मध्ये पूर्ण झालेली ती इमारत एका पानात कशी बसवायची? मी खालून सुरुवात केली. कमानी, खिडक्या, घड्याळ असं चढत चढत घुमटापाशी पोचले आणि पान संपलं. घुमटावर हातात मशाल घेतलेली बाई आहे ना, तिचं नाव ‘प्रगती’. माझ्या प्रगतीच्या वहीत नेमकी तीच मावली नाही. हसू आलं, पण तासभर फुकट गेल्याचा रागही होता. मग फाटकाच्या दोन खांबांवर सिंह आणि वाघ बसलेत, त्यातला वाघ तेवढा काढला. त्या इमारतीवरचं बरंच कोरीवकाम जे.जे. कलाशाळेतल्या तेव्हाच्या विद्यार्थ्यांनी केलेलं आहे. हे आधीपासून माहीत होतं, पण वाघाच्या पंज्याशी झटापट करताना ‘विद्यार्थ्यांनी’ हा शब्द पहिल्यांदा नीट ऐकू आला. तेही शिकतच होते की. वाघ बरा आलाय, जरा मांजरासारखा.

रंगांचं सांगायचं तर पावसाळ्याने पार वाट लावली. दमट हवेत हात दिलेला रंग वाळतच नाही. अर्धवट ओल्यावर दुसरा लावला की पाणी पहिल्या रंगाला कडेला ढकलतं आणि फुलकोबीसारखा डाग उमटतो. रंगांची डबी ओली असतानाच मिटली, तर चार दिवसांत वड्यांवर पांढरी लव! आता झाकण उघडं ठेवून रात्रभर पंख्याखाली ठेवते. गाडीत फक्त बॉलपेन, कारण त्याची शाई तेलकट असते, वरून पाणी फिरवलं तरी पसरत नाही. जेलपेनवर ब्रश फिरवला होता एकदा. एका बाईंच्या बॉबकटचा ढग झाला. रंग घरी, ओट्यावर, कुकर लावला की तीन शिट्ट्या होईपर्यंत. शिट्टी झाली की ब्रश खाली. नाहीतर मी घोटत बसते आणि चित्र मरतं.

आता शेवटचं पान. बुधवारी भायखळ्याला चढलेल्या एक काकू समोर बसून गवार मोडत होत्या. हात काढायला मी घाबरते, पण हनुवटीपासून केसांच्या सुरुवातीपर्यंत चेहरा जेवढा लांब तेवढा पंजा, एवढं माप धरलं आणि सुरुवात केली. विक्रोळीला त्यांनी मान वाकडी करून वहीत पाहिलं. मी पान झाकणार, तेवढ्यात म्हणाल्या, “बांगड्या चारच? अहो, सहा आहेत माझ्या. सोन्याच्याच नेमक्या गाळल्यात.” आणि दिव्याखाली हात धरून बसल्या. पण हात आता मेंदी काढायला दिल्यासारखा ताठ. मी काही काढलंच नाही, नुसतं बघितलं. भांडुपला त्या उतरल्या. राहिलेल्या दोन पाटल्या नाहूर ते मुलुंड आठवून काढल्या. दोन्ही काचेच्या बांगड्यांच्या पुढे होत्या की एक पुढे, एक मागे, याची खात्री नव्हती. एक पुढे, एक मागे टाकली.

गुरुवारी तीच गाडी, त्याच काकू. या वेळी वही मीच पुढे केली. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं.

“पाटल्या बरोबर आल्यात,” त्या म्हणाल्या. “पण गवार एवढी जाड कुठे असते? ही तर फरसबी झाली.”