डमडमची तबकडी

शनिवारी चोरबाजारात, मटन स्ट्रीटवर, भीमसेनजींची एलपी (लाँग-प्ले तबकडी) हाती लागली. कव्हर वाळवीनं खाल्लेलं, पण कव्हर मी शेवटी बघतो. आधी तबकडी उन्हात तिरकी धरायची, ओरखडे बघायचे आणि लेबलाभोवतीच्या कोऱ्या कड्यात कोरलेला मॅट्रिक्स नंबर, म्हणजे साच्याचा क्रमांक, वाचायचा. साचे छापून छापून झिजतात, म्हणून सुरुवातीच्या प्रतींचा आवाज जास्त मोकळा. ही एचएमव्हीच्या कोलकात्याजवळच्या डमडमच्या कारखान्यातली. दुकानदार ८०० म्हणाला, ५५० वर तुटलं.

घरी आल्यावर डिस्टिल्ड वॉटर आणि थोड्या आयसोप्रोपिल अल्कोहोलनं धुतली. (लाखेच्या जुन्या ७८ आरपीएमवाल्या (मिनिटाला ७८ फेरे) तबकड्यांना अल्कोहोल लावू नका, लाख विरघळते. एक नाट्यगीत असंच घालवलंय मी.)

तानपुऱ्यामागे चरचर अजून आहेच. बायकोनं स्वयंपाकघरातून विचारलं, "भजी कोण तळतंय?"