ब्रिस्टलला जायचं तर शनिवार धरून जा

ॲपलेशियन डोंगरात वीकेंड म्हटला की अमेरिकेतली आपली मंडळी बहुतेकदा गॅटलिनबर्ग हे पर्यटकांचं गाव गाठतात, पॅनकेक खातात आणि ट्रॅफिकमध्ये बसून परत येतात. डोंगर दिसतो, डोंगरातली माणसं दिसत नाहीत. त्यांचं गाणं, नाच, जेवण आणि नाटक दोन दिवसांत बघायचं असेल तर व्हर्जिनियाच्या नैऋत्य टोकाला, ब्रिस्टलला मुक्काम करा. शार्लटहून साधारण तीन तास, रॅलेहून चार, वॉशिंग्टनहून सहा. मात्र शनिवारची रात्र तिथेच काढायची.

गावाच्या मुख्य रस्त्याचं नाव स्टेट स्ट्रीट. त्याच्या मधोमध पितळी पट्ट्या बसवल्या आहेत: एका बाजूला व्हर्जिनिया, दुसऱ्या बाजूला टेनेसी. बुटीक म्हणावीत अशी दोन हॉटेलं इथून पायी अंतरावर आहेत. ब्रिस्टल हॉटेल १९२५ च्या जुन्या इमारतीत आहे, आणि त्याच्या गच्चीवर बार आहे. सेशन्स हॉटेल जुनी गोदामं आणि गिरणी जोडून केलंय. विटांच्या उघड्या भिंती मला तिथल्या जास्त आवडतात. पण मालगाड्यांचे रूळ जवळ आहेत, झोप हलकी असेल तर खोली घेताना आधी विचारा. तारखा ठरवण्याआधी ब्रिस्टल मोटर स्पीडवेचं, म्हणजे इथल्या मोटार शर्यतींच्या मैदानाचं, वेळापत्रक बघाच. नॅसकार शर्यतीच्या वीकेंडला खोल्या मिळत नाहीत, मिळाल्या तर भाव ऐकून परत फिराल. सप्टेंबरातल्या ऱ्हिदम अँड रूट्स या संगीत महोत्सवाचंही तेच.

पहिलं काम बर्थप्लेस ऑफ कंट्री म्युझिक म्युझियम, म्हणजे कंट्री संगीताच्या जन्मस्थानाचं संग्रहालय. सोमवारी बंद असतं. दोन तास सहज जातात. २५ जुलै ते ५ ऑगस्ट १९२७ या काळात व्हिक्टर कंपनीच्या राल्फ पीअरने स्टेट स्ट्रीटवरच्या एका टोप्यांच्या गोदामात ७६ गाणी मुद्रित केली. नवे विद्युत मायक्रोफोन आल्यामुळे हळू आवाजातलं गाणंही मेणाच्या तबकडीवर उतरू लागलं होतं. ए. पी. कार्टर, त्याची बायको सारा आणि भावजय मेबेल हे गाणारं कुटुंब वीस-पंचवीस मैलांवरून गाडीने आलं. मेबेल कार्टर तेव्हा गरोदर होत्या. एका गाण्याचे पन्नास डॉलर मिळाले. मेबेलच्या गिटारकडे कान द्या: अंगठा खालच्या सुरांच्या तारांवर चाल वाजवतो आणि बोटं वरच्या तारांवर ठेका धरतात, एकाच हाताने. लेस्ली रिडल हे नावही लक्षात ठेवा. गावोगाव फिरून गाणी गोळा करताना ए. पी. कार्टरसोबत हा कृष्णवर्णीय गिटारवादक असायचा, चाली त्याच्या ध्यानात राहायच्या. बँजो तर मुळात आफ्रिकेचाच.

शनिवारची रात्र हवी ती हिल्टन्स गावातल्या कार्टर फॅमिली फोल्ड या गाण्याच्या जागेसाठी. ब्रिस्टलहून अर्धा-पाऊण तास. ए. पी. कार्टरची मुलगी जेनेट हिने १९७४ मध्ये इथले कार्यक्रम सुरू केले; लाकडी मांडव ए. पी.च्या जुन्या दुकानाला लागूनच आहे. कार्यक्रम साडेसातला असतो, पण सातच्या आत पोचा, म्हणजे दुकानातलं छोटं संग्रहालयही बघून होईल. रोख पैसे ठेवा. दारू चालत नाही, विजेची वाद्यं चालत नाहीत. प्रसिद्ध कंट्री गायक जॉनी कॅशचा शेवटचा कार्यक्रम जुलै २००३ मध्ये इथेच झाला. स्टेजसमोरच्या फळ्यांवर म्हातारेकोतारे टॅप लावलेल्या बुटांनी नाचतात: कमरेवरचं अंग जवळपास स्थिर, सगळी हालचाल घोट्याखाली. कडेला उभं राहून शिकायला कुणाची हरकत नसते. फक्त मधून आडवं जाऊ नका. दरीत फोनला रेंज नीट मिळत नाही, नकाशा आधीच उतरवून घ्या. परतीच्या अंधारात हरणं आडवी येतात, तेव्हा वेग कमी.

शनिवारची सकाळ सायकलसाठी ठेवा. इथे एक चूक हमखास होते. व्हर्जिनिया क्रीपर ट्रेल हा जुन्या रेल्वेमार्गावरचा ३४ मैलांचा रस्ता. जुने लेख सांगतात की वरच्या टोकाला व्हाइटटॉपपर्यंत गाडीने जा आणि दमास्कस गावापर्यंत १७ मैल उतारावरून या. तोच भाग सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन वादळाच्या पुरात पुलांसकट वाहून गेला. त्याची ताजी स्थिती बघितल्याशिवाय तो बेत आखू नका. ब्रिस्टलजवळच्या ॲबिंग्डन गावापासून दमास्कसपर्यंतचा खालचा भाग करा. सुरुवातीला उतार, अल्व्हराडोपर्यंत सगळ्यात खाली, मग दमास्कसपर्यंत हलका चढ. बारीक खडीचा रस्ता आहे, अरुंद टायरची सायकल नको. वाट खाजगी शेतांतून जाते. फाटक उघडलंत तर लावून घ्या, नाहीतर गुरं बाहेर पडतात.

शाकाहाऱ्यांनी जेवणात सावध राहावं. सूप बीन्स म्हणजे पिंटो बीन्सची पातळ उसळच, पण शिजताना त्यात डुकराचं हाड असतं. हिरव्या शेंगा आणि पालेभाजीतही बेकन. बिस्किटांवरची (इथली बिस्किटं म्हणजे मऊ, पावासारखी) पांढरी ग्रेव्ही सॉसेजची असते. ‘मांस आहे का’ असं विचारलंत तर ‘नाही’ असं उत्तर येऊ शकतं, कारण हाड हे मांसात धरत नाहीत. ‘कशात शिजवलंय’ असं विचारा. कॉर्नब्रेड, चाउ-चाउ लोणचं आणि ॲपल बटर (सफरचंदाचा घट्ट गर, त्यात लोणी नसतं) बहुतेकदा चालून जातं. कॉर्नब्रेडचा तवा कशाने माखलाय तेवढं बघा.

रविवार ॲबिंग्डनला. मार्था वॉशिंग्टन इन ही १८३२ ची हवेली, आता हॉटेल. आत कॉफी घेण्यापुरतं तरी जा. समोर बार्टर थिएटर. १९३३ च्या मंदीत रॉबर्ट पोर्टरफिल्डने ते काढलं: तिकीट ४० सेंट, नाहीतर तेवढ्याच किमतीची भाजी, अंडी, कोंबडी. नाटककारांना मानधन म्हणून हॅम जायचं. बर्नार्ड शॉ शाकाहारी, त्यांनी पालक मागितला असं सांगतात. दुपारचा प्रयोग असेल तर तिकीट आधीच काढा.

शार्लटला परतणाऱ्यांनी मात्र आय-७७ महामार्गावरच्या फॅन्सी गॅप या घाटातलं धुकं धरून निघावं. मार्च २०१३ मध्ये तिथे एकाच दिवशी ९५ गाड्या एकमेकींवर आदळल्या. डिजिटल फलकावर वेगमर्यादा खाली आलेली दिसली तर ती पाळा, हाय बीम बंद ठेवा, आणि रस्त्यात थांबण्यापेक्षा पुढच्या एक्झिटला उतरून धुकं सरेपर्यंत चहा घ्या.