आमची वाटचाल : दोन पोलचा ग्राइंडर आणि सव्वा सुताचं भोक

आमच्याकडे येणारा माणूस आधी लेथकडे बघतो. लेथ वडिलांच्या हातचा. त्यावर कानशींच्या मुठी झाल्या, पटाशीचे दांडे झाले, आणि पुढे मुंबईच्या एका व्यापाऱ्यासाठी शिसमचे तंबाखूचे पाइप झाले. निर्यातीचा माल, महिन्याला ठरलेली खोकी. ती वर्षं बरी गेली. पोरांची शिक्षणं झाली, पत्रा जाऊन स्लॅब आला. त्याबद्दल याहून जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

लिहायचंय ते 2017 बद्दल. आदल्या नोव्हेंबरात नोटाबंदी झाली होती आणि कारागिरांचा हप्ता रोखीत द्यायचा, त्यामुळे आम्ही आधीच अर्धमेले. त्यात 2 जानेवारी 2017 पासून ‘साइट्स’ या वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या करारात डालबर्जिया प्रजातीतली जवळजवळ सगळी झाडं दुसऱ्या परिशिष्टात गेली. शिसम त्यात, आपली शिसवीही त्यात. म्हणजे पाइपाचं खोकं बाहेर पाठवायचं तर लाकूड रीतसर तोडीचं आहे याचे कागद हवेत. व्यापाऱ्याची सगळीकडे ऊठबस, कागद त्याला अवघड नव्हते. आम्हाला म्हणाला, “तुमच्या मालाचं तुम्ही बघा.” तयार खोकी परत आली. पुढे कळलं, आमचेच नमुने त्याने उत्तरेतल्या एका मोठ्या कारखान्यात धाडले होते. वाकडा दांडा आमचा, तंबाखू भरायच्या वाटीच्या काठाला दिलेला उतार आमचा, फक्त मजुरी त्यांची. आमची थकलेली बाकी अजून यायची आहे. आता तो प्रदर्शनांत सांगतो की तो आकार त्याने स्वतः काढला. काढला असेल, कागदावर. लाकडात काढून दाखव म्हणावं.

आणि गंमत बघा. 2022 साली ‘साइट्स’च्या पनामातल्या बैठकीत खुलासा झाला की एका वस्तूत दहा किलोपेक्षा कमी शिसम असेल तर परवाना नको. पाइपात लाकूड असतं किती? शंभर ग्रॅमसुद्धा नाही. पण तोवर आमची पाच-सहा वर्षं गेली ना.

शिसम सुटलं आणि ब्रायर नावाच्या लाकडाकडे वळलो. त्याला कारण पुण्यातल्या वानवडीचे कर्नलसाहेब. त्यांच्या एका जुन्या विलायती पाइपाची दांडी मोडली होती, ती मी एबोनाइटची, म्हणजे कडक रबराची, करून दिली. शाईपेनं बनवणारे वापरतात तीच कांडी. ते पाइप हातात फिरवत म्हणाले, “दांडी करता येते, तर वाटी का करत नाही?” त्यांचे जावई इटलीत, त्यांनी ब्रायरचे ठोकळे आणून दिले. ब्रायर म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या झुडपाची, मूळ आणि खोड यांच्या मधली गाठ. तासन्‌तास उकळून, महिनोन्‌महिने सुकवून मगच विकायला येते. शिसमसारखी चटकन करपत नाही. साहेबांनी आगाऊ पैसे दिले. त्या वर्षी आगाऊ पैसे देणारा तो एकच माणूस.

पण ब्रायर लेथवर नुसतं गोल करण्यात अर्थ नाही. रेषा जाईल तसा आकार द्यावा लागतो, म्हणजे फिरती चकती हवी. नवं मशीन परवडणारं नव्हतं. जुन्या बाजारात बुधवारी एक बेंच ग्राइंडर मिळाला. अर्धा हॉर्सपॉवर, सहा इंची दगड, बिडाची बॉडी, वायंडिंग जळालेलं. जळालेलं होतं म्हणूनच भावात बसला.

नाना पेठेत आमचे वायंडिंगवाले मामा आहेत. नात्याने मामा नव्हेत, पण दिवाळीला फराळाचा डबा आधी त्यांच्याकडे जातो. ग्राइंडर दोन पोलचा, म्हणजे मिनिटाला अठ्ठावीसशेच्या घरात फेरे. तेवढ्या वेगात ब्रायर काळं पडतं आणि एबोनाइटचा गंधकासारखा वास दुकानभर होतो. काही जण पंख्याचा रेग्युलेटर लावा म्हणतात. लावू नका. मोटर तापते, वेग मनासारखा उतरत नाही. मामांनी स्टेटरचे, म्हणजे मोटरच्या न फिरणाऱ्या भागाचे, खाचे मोजले आणि दोन पोलचे चार पोल करून वायंडिंग भरलं. फेरे चौदाशेच्या आसपास आले. ताकद घटली, पण ते आमच्या पथ्यावर पडलं: जास्त दाबलं की चकती मंदावते, लाकूड वाचतं.

चालू करण्याआधी मामांनी शाफ्टवर खडूची रेघ मारली आणि बटण नुसतं टिचकलं. ग्राइंडरच्या डाव्या टोकाला उलटे आटे असतात. फिरायची दिशा बदलली तर दोन्हीकडचे नट आपोआप सुटतात आणि चकती अंगावर येते. दिशा बरोबर निघाली, मगच त्यांनी चहा घेतला.

दगड आणि त्यांची कव्हरं काढली. उजवीकडे प्लायची चकती, तिला फोम आणि वर पॉलिश पेपर, ऐंशी नंबरपासून पुढे. डावीकडे निमुळतं टोक, त्यावर सुती बफ, म्हणजे चमक आणायची कापडी चकती. आधी ट्रिपोली, मग पांढरा साबण (दोन्ही बफला लावायच्या पॉलिशच्या वड्या), शेवटी कार्नौबाचं मेण. साबणागणिक बफ वेगळा ठेवा, एकाचा दुसऱ्यावर गेला की चमक गेलीच. काम बफच्या खालच्या भागावर धरायचं. धार बफकडे तोंड करून धरली की तो पाइप हिसकावून भिंतीवर फेकतो. हातमोजे नकोतच. दगड परत चढवणार असाल तर कव्हरं आधी चढवा, आणि दगड बोटावर अडकवून टिचकी मारा. टणटणीत वाजला तरच लावा.

भोकं मात्र आकाराच्या आधी. वाटी सहा सुताची (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), वाऱ्याचं भोक सव्वा सुताचं, आणि ते वाटीच्या बरोबर तळाशी, मध्यावर निघायला हवं. कर्नलसाहेब रिकामा पाइप ओढून बघतात. शिट्टी वाजली की परत टेबलावर. साफ करायची तार दांडीतून वाटीपर्यंत न अडकता गेली तरच पैसे. आमच्या घरात तंबाखूला कोणी शिवत नाही, त्यामुळे शेवटचा शब्द त्यांचा. एक सांगून ठेवतो, त्यांच्याकडूनच शिकलेलं: पाइप गरम असताना दांडी ओढून काढू नका, आणि एकच पाइप दिवसातून पुन्हा भरू नका, त्याला सुकू द्या. दुरुस्तीला येणारे निम्मे पाइप याच दोन कारणांनी येतात.

आता वर्षाला मोजकेच पाइप करतो, पण दरेक तुकडा आमचा. त्या व्यापाऱ्याने विकलेले शिसमचे पाइपही आमच्याकडे येतात, वाटी जळून भोक पडलेले, दांडी डुगडुगणारी. गिऱ्हाईकाचा त्यात काय दोष? घेतो. दांडी नवी बसवून देतो, पैसे आगाऊ. जळालेल्या वाटीला मात्र नाही म्हणतो, ती जिथून घेतली तिकडे घेऊन जा म्हणतो. पत्ता आम्हाला पाठ आहे.