कुलूप बाहेरून, कूलर आतून सुरू

उसने दिलेले पैसे, हाती लिहून घेतलेली चिठ्ठी, 3 वर्षांची मुदत संपायच्या आत दावा. दाखल करायला एक सकाळ पुरली. समन्स बजावायला मात्र वर्ष गेलं.

पहिल्यांदा समन्स घेऊन जाणाऱ्या कोर्टाच्या बेलीफाचा शेरा आला, ‘घरास कुलूप’. दुसऱ्यांदाही तेच. एप्रिलचं नागपूरचं ऊन डोक्यावर घेत मी स्वतः मानेवाड्याला, त्या कर्जदाराच्या घरी गेलो. दाराला बाहेरून कुलूप होतं खरं, पण खिडकीतला कूलर धडधडत होता आणि खाली पाण्याचा ओघळ! बाहेरगावी गेलेल्या माणसाचं हे असं.

तिसऱ्यांदा घर दाखवायला बेलीफाला स्कूटरवर मागे बसवून नेलं. दार कर्जदाराच्या पोरानं उघडलं, नववी-दहावीतलं. बेलीफ म्हणाला, “याला नाही देता येत भाऊ, सज्ञान पाहिजे.” मी चिडलो, पण बरोबर तोच होता. घरातली सज्ञान बाई चालते, पुरुष चालतो, नोकर चालत नाही.

हो, समन्स बजावण्याचा भत्ता दरवेळी नव्यानं भरावा लागतो. समन्स परत आलं की नव्यासाठी लगेच अर्ज द्या, नाहीतर तेवढ्यावरूनही दावा फेटाळला जातो. मला हे तिसऱ्या वेळी कळलं.

मधल्या काळात मोबाइलवर दिवाणी प्रक्रिया संहिता, 1908 वाचून मी वकीलसाहेबांशीच वाद घातला. त्यांनी जाड पुस्तक पुढ्यात टाकलं. मूळ नियमांखाली मुंबई उच्च न्यायालयाच्या दुरुस्त्या छापलेल्या. कलम 122 प्रमाणे उच्च न्यायालय आपल्या हद्दीपुरते संहितेच्या अनुसूचीतल्या आदेशांतले नियम बदलू शकतं, कलमं नाही. म्हणजे भोपाळच्या मेहुण्याचा सल्ला इथे जसाच्या तसा चालेलच असं नाही. पुस्तक घ्यायचंच तर या दुरुस्त्या असलेलं घ्या.

शेवटी आदेश 5, नियम 17 कामी आला. चौथ्या फेरीत पुन्हा कुलूप. बेलीफानं समन्सची प्रत दाराला चिकटवली, घर ओळखून देणारा म्हणून माझं नाव-पत्ता लिहिला आणि कोपऱ्यावरच्या पानठेलेवाल्याला साक्षीला उभं केलं. कूलर तेव्हाही सुरूच होता.

पुढच्या तारखेला कर्जदाराची स्वारी वकिलासह हजर! कैफियतीला, म्हणजे दाव्याच्या लेखी उत्तराला, 30 दिवस, कोर्टानं वाढवले तर 90. पुकारा झाला आणि त्याच्या वकिलानं मुदतीचा अर्ज पुढे केला.