मिटलेल्या पुस्तकाचा तास

आपल्या शाळेत मी शिकत होते तेव्हा ग्रंथालयाला स्वतंत्र खोली नव्हती. कार्यालयाबाहेरच्या व्हरांड्यात दोन लोखंडी आणि एक लाकडी अशी तीन कपाटे होती आणि शनिवारच्या सकाळच्या शाळेत शेवटच्या तासाला सर ती उघडत असत. पुस्तक घरी न्यायला मिळे, पण एका अटीवर. पुढच्या शनिवारी ते मिटून टेबलावर ठेवायचे आणि त्यात काय वाचले ते वर्गापुढे उभे राहून सांगायचे. सांगताना पुस्तक उघडायला परवानगी नव्हती. एखादे नाव आठवले नाही तर सर थांबत. सुचवत मात्र नसत.

आठवीत असताना ‘बनगरवाडी’ मी आणि माझ्या वर्गातल्या एका मुलाने लागोपाठच्या आठवड्यांत नेली. गाडीवाट तुडवत एकटा निघालेला तरुण मास्तर मला लक्षात राहिला होता आणि मी त्याच्याविषयीच बोलले. त्या मुलाच्या मनात शेवटचा दुष्काळ आणि रिकामी होत गेलेली वाडी बसली होती; त्याने सुरुवातीचे जवळजवळ काहीच सांगितले नाही. दोघांपैकी कोणाचे बरोबर, असा प्रश्न वर्गातून आला. सरांनी त्याचे उत्तर दिले नाही. त्यांनी नोंदवहीत आमच्या नावांपुढे दोघांचेही सांगणे दोन-दोन ओळींत लिहून ठेवले. ती वही आज शाळेत असेल तर या सुवर्णमहोत्सवी वर्षात तिला जपून ठेवावे, अशी माझी संस्थेला विनंती आहे.

‘धग’ मला नववीत मिळाली. त्याआधी माझ्या निबंधातल्या ‘मले’ या शब्दाखाली सरांनी लाल रेघ ओढून वर ‘मला’ असे लिहिले होते. आमच्या घरी, शेजारी, कापूस वेचायला जाणाऱ्या बायांमध्ये सगळेच ‘मले’ आणि ‘तुले’ म्हणत असल्याने ती रेघ मला फार लागली होती. त्याच महिन्यात सरांनी लाकडी कपाटातून उद्धव शेळके यांची ही कादंबरी काढून माझ्या हातात दिली. १९६० साली प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीत आपल्या अमरावती जिल्ह्यातली माणसे आपल्याच बोलीत बोलतात, आणि नवऱ्याच्या शिंपीकामावर घर चालत नाही तेव्हा कौतिक ते स्वतःच्या अंगावर घेते. सर म्हणाले, “निबंध तुझा आहे, तिथे ‘मला’ लिही. पण माणूस बोलतो तेव्हा त्याचे शब्द बदलायचा अधिकार आपल्याला नाही.” पुढे माझ्या दोन कादंबऱ्या प्रसिद्ध झाल्या, आणि त्यांतला प्रत्येक संवाद लिहिताना हे वाक्य माझ्यासमोर होते.

तिसऱ्या कादंबरीविषयी मी आजवर कुठेही लिहिलेले नाही. आपल्या मोर्शी-वरुड भागात विहिरी आटल्या, बोअर दरवर्षी अधिक खोल जाऊ लागल्या, आणि तरीही पाणी न लागल्याने संत्र्याच्या उभ्या बागा वाळल्या. ती झाडे तोडून सरपणाला गेली, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. अशाच एका बागेची आणि ती लावणाऱ्या बाईची ती गोष्ट होती. चार वर्षे लिहून एकशे शहाऐंशी पाने झाली होती. मी हाताने, आखीव कागदावर, शाईच्या पेनाने लिहीत असल्यामुळे दुसरी प्रत नव्हती. पाने माहेरच्या माळ्यावर पत्र्याच्या पेटीत ठेवली होती. त्या पावसाळ्यात कवेलू सरकून पेटीवर धार लागली, आणि आठवड्याने मी पेटी उघडली तेव्हा कागदांची एक जाड, फुगलेली वीट झाली होती. बोटाने पान सोडवायला गेले की वरचा पापुद्रा निघून येई, आणि खाली अक्षरांच्या जागी फिकट निळा डाग दिसे. आईने बाजेवर धोतर अंथरून ती पाने ओसरीत वाळत घातली. वाचता येतील अशी सात निघाली.

त्यानंतर सात वर्षे मी कादंबरी लिहिली नाही. नोकरी होती, मुलींची शिक्षणे होती, पण ती कारणे खरी नव्हती. एकदा लिहिलेले पुन्हा लिहिता येत नाही, पुन्हा लिहिलेले उष्टे असते, अशी माझी ठाम समजूत झाली होती.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि सगळीकडे ‘लीळाचरित्रा’चा, महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या आठवणींच्या ग्रंथाचा, उल्लेख होऊ लागला. तो जिथे लिहिला गेला ते रिद्धपूर आपल्या तालुक्यात आहे. आता तिथे मराठी भाषा विद्यापीठही झाले आहे. लहानपणी आत्याबरोबर मी तिथे कितीदा गेले असेन, पण हा ग्रंथ मी अभ्यासक्रमातल्या उताऱ्यांपलीकडे वाचलेला नव्हता, याची मला मनापासून खंत वाटली. वि. भि. कोलते यांनी संपादित केलेली, १९७८ साली प्रसिद्ध झालेली प्रत मी ग्रंथालयातून आणली आणि रोज रात्री पाच-सहा लीळा, म्हणजे स्वामींचे छोटे छोटे प्रसंग, पुष्कळदा मोठ्याने वाचू लागले.

गेल्या वर्षभरात मी इतरही बरेच वाचले. प्रेमचंदांचे ‘गोदान’ मूळ हिंदीत वाचले, कारण सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या आपल्याला ती भाषा परकी नाही. एका गाईच्या इच्छेभोवती होरीचे सगळे आयुष्य कसे फिरते हे पाहून मला माझ्या कादंबरीतल्या बागेचा पसारा कमी करावासा वाटला. सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ दुसऱ्यांदा वाचली, आणि शिकून शेतीत अडकलेला एकनाथ या वेळी मला आपल्याच वर्गातल्या मुलांसारखा वाटला. पण मला पुन्हा लिहिते केले ते ‘लीळाचरित्रा’ने.

चक्रधरस्वामी निघून गेल्यावर त्यांचे अनुयायी म्हाइंभट यांनी, १२७८ च्या सुमारास, स्वामींच्या आठवणी गोळा केल्या. ज्यांनी स्वामींना पाहिले-ऐकले होते त्या माणसांकडे ते जात, विचारत, आणि स्वामींचे पट्टशिष्य नागदेवाचार्य यांच्याकडून खात्री करून घेत. शिकारीच्या धाकाने पळत आलेला ससा स्वामींच्या मांडीखाली लपतो, एवढीच एक लीळा आहे. लहान लहान वाक्ये, वर्णनाचा फापटपसारा नाही, तरी तो ससा समोर दिसतो. पुढे, चौदाव्या शतकाच्या आरंभी, देवगिरीवरच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत हा मूळ ग्रंथच नाहीसा झाला. महानुभाव परंपरा सांगते की ज्यांना तो मुखोद्गत होता त्यांच्याकडून, हिराइसेसारख्या बाईच्या पाठावरून, तो पुन्हा सिद्ध करण्यात आला. म्हणून एकाच लीळेचे वेगवेगळे पाठ आढळतात, आणि कोणाला कसे आठवले हे तिथेच नोंदवलेले असते.

हे वाचले त्या रात्री मला सरांची नोंदवही आठवली आणि बराच वेळ झोप आली नाही. जे पुस्तक आज आपण मराठीचा पहिला गद्यग्रंथ म्हणून मिरवतो, ते एकदा हरवलेले आणि आठवून पुन्हा लिहिलेले आहे. त्याला कोणी उष्टे म्हणत नाही. आणि मिटलेले पुस्तक उभे राहून सांगण्याची सवय तर मला याच शाळेने पाच वर्षे लावली होती.

दुसऱ्या आठवड्यापासून मी पहाटे पाच ते साडेसहा लिहायला बसते. रोज दोन पाने, आणि दर रविवारी त्यांची झेरॉक्स काढून धाकट्या मुलीकडे नागपूरला पाठवते. सात पाने समोर ठेवत नाही. ती सगळे लिहून झाल्यावरच उघडायची असे ठरवले आहे. जिथे आठवण संपते तिथे मी माहेरी जाते, कारण ती प्रकरणे लिहिली तेव्हा दिवेलागणीनंतर मी ती आईला आणि आत्याला वाचून दाखवत असे. आत्याला लिहिता-वाचता येत नाही. आता ती ऐंशीच्या पुढे आहे, पण ऐकलेले विसरत नाही.

झाडे तोडायचा दिवस मला असा आठवत होता की करवत लागण्याआधी ती बाई खोडाला हात लावते आणि काही न बोलता घरात जाते. हे मी आत्याला सांगितले. तिने हातातला सुपातला हरभरा बाजूला ठेवला आणि म्हणाली, “नाई वं. करवतवाला झाडाखाली आला, तं थे बाई म्हने, थांब बाप्पा, वर येक संत्र हाय अजून. थे तोडू दे, मंग लाव तुही करवत.” मी असे काही लिहिलेच नव्हते, याची मला पूर्ण खात्री आहे. आई म्हणाली, हात लावण्याचेच होते. आत्या ऐकेना; वाळल्या झाडावरचे ते एक संत्रे केवढे होते, हेही तिने बोटांनी दाखवले.

मी दोन्ही तसेच वहीत उतरवून ठेवले आहे. सध्या अकरावे प्रकरण सुरू आहे, आणि झाडतोडीचे पंधराव्यात येते. ते दिवाळीच्या आत लिहून आत्याला वाचून दाखवायचे आहे, कारण दिवाळीनंतर ती तिच्या लेकीकडे परतवाड्याला राहायला जाणार आहे.