जिवतीचा कागद आणि आमच्या रंगपेट्या

श्रावणातला शुक्रवार, रात्री

पूजा झाली, मुलांचं औक्षण झालं, पुरणाच्या दिव्यांचा फडशाही पडला. जेवणाच्या टेबलावर मात्र अजून पेन्सिली तासल्याचा कचरा आणि मेणखडूंचे तुकडे पसरलेत. आवरायला घेतलं होतं, पण म्हटलं आधी लिहून काढू.

पूजेचा जिवतीचा कागद देवघराशेजारी चिकटवलेला आहे, त्याला कुणी हात लावायचा नाही. रंगवायला त्याच कागदाची वेगळी छापलेली प्रत. या चित्रात रंगवण्यासारखं किती आहे, हे मला गेल्या श्रावणात कळलं. खांबातून निघालेला नरसिंह, कालियाच्या फण्यावर नाचणारा कृष्ण, अंगाखांद्यावर मुलं घेतलेल्या जरा-जिवंतिका, हत्तीवर अंकुश घेऊन बसलेला बुध आणि वाघावर चाबूक घेऊन बसलेला बृहस्पती. नुसत्या काळ्या रेघा आणि मध्ये भरपूर मोकळी जागा. लहानपणापासून दर श्रावणात बघत आले, पण बृहस्पतीच्या वाघाच्या अंगावर पट्टे किती बारकाईनं काढलेत ते हातात पेन्सिल धरल्यावरच दिसलं.

छपाईचं थोडं लिहून ठेवते, पुढच्या वर्षी उपयोगी पडेल. मोबाइलवर कागदाचा सरळ समोरून फोटो, मग काळं-पांढरं करून उजेड वाढवायचा, म्हणजे मागची पिवळट झाक जाते आणि रेघ उरते. प्रिंट कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे लेझरवर. लेझरची काळी पूड उष्णतेनं कागदावर वितळून बसते, त्यामुळे वरून स्केचपेन किंवा पाण्याचा ब्रश फिरवला तरी रेघ पसरत नाही. इंकजेटची शाई बहुधा ओली होऊन रंगात उतरते आणि पिवळ्याचा शेवाळी होतो. कागद १२० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे कागदाच्या वजनाचं माप, आकडा मोठा तसा कागद जाड). रोजचा ७५चा कागद पेन्सिलीला चालतो, पाण्याला नाही, लगेच फुगतो. धाकट्यासाठी एकेक चौकोन वेगळा, पानभर मोठा करून घेतला. पाच वर्षांच्या हाताला बारीक जागा दिली की तो वैतागतो.

थोरलीनं कृष्ण घेतला, धाकट्यानं नरसिंह. आई, म्हणजे सासूबाई, सुरुवातीला नेहमीप्रमाणे खुर्ची लांब ओढून बसल्या. "मला कुठं चित्र येतंय? शाळेत पाटीच्या पुढं गेलोच नाही आम्ही." मी जरा-जिवंतिकेचं पान त्यांच्यापुढे सरकवलं. म्हटलं, चित्र काढलेलंच आहे, तुम्ही फक्त लुगड्याचा रंग ठरवा.

मग काय! लुगडं अंजिरी, काठ मोरपंखी, चोळी डाळिंबी. चोवीस रंगांच्या पेटीत अंजिरी नाही म्हटल्यावर त्यांनी तपकिरीवर हलका जांभळा फिरवला आणि त्यावर थोडा लाल. हे त्यांना कुणी शिकवलं नाही. रांगोळीत रंग मिसळून मिसळून हाताला झालेली ती सवय. पेन्सिलसुद्धा त्या चिमटीत रांगोळी धरावी तशी धरतात, टोकाशी अगदी जवळ, आणि काठ आधी भरून मग आत येतात. पाळण्याच्या एकेका दोरीला पिवळा, पिवळ्यावर केशरी पीळ. पाऊण तास मान वर नाही.

हेच मला आज मनापासून नोंदवायचं होतं. रेघ दुसऱ्यानं काढून दिलेली असते म्हणून ज्यांनी जन्मात चित्राला हात लावला नाही ती माणसंही टेबलापाशी येतात. २००५ साली नॅन्सी करी आणि टिम कॅसर या दोघांनी अमेरिकेत ८४ विद्यार्थ्यांवर एक छोटा प्रयोग केला होता. आधी त्यांना थोडं अस्वस्थ केलं, मग काहींना मंडल, म्हणजे वर्तुळात आखलेली नक्षी, रंगवायला दिलं, काहींना चौकड्यांची नक्षी, काहींना नुसता कोरा कागद. मंडल आणि चौकड्या भरणाऱ्यांची अस्वस्थता उतरली. कोऱ्या कागदावाल्यांना तसा फरक पडला नाही. मला यात नवल वाटत नाही. कोरा कागद मोठ्या माणसाला आधी विचारतो, तुला येतं का? आखलेला कागद काहीच विचारत नाही.

चित्रकलेचे शिक्षक म्हणतात, आयती चित्रं रंगवून मुलांची कल्पना खुंटते. दिवसरात्र तेवढंच हातात दिलं तर खुंटेलही. म्हणून मी मागची बाजू नेहमी कोरी ठेवते. पण आमच्या धाकट्याला पुढची बाजूही आयती पुरत नाही. त्यानं नरसिंहाची आयाळ हिरवी केली आणि बाहेर पाऊस लागलाय म्हणून डोक्यावर छत्री काढली. थोरली म्हणाली, देवाला असं चालत नाही. आईंनी चष्म्यावरून पाहिलं. "असू दे गं. देव भिजू नये म्हणून लेकरानं दिलीय. तो काय रागावतोय होय?"

संध्याकाळी नणंदेचा व्हिडिओ कॉल. ती जर्मनीत, तिकडे दुपारचा दीड. फाइल मी सकाळीच पाठवली होती, तिनं घरी छापून घेतली. जिवतीच्या दिवशी लेकरं लांब असली की आई चार दिशांना अक्षता टाकून त्यांचं औक्षण करते. आईंनी तशा टाकल्या होत्याच. पण मग स्क्रीनच्या दोन्ही बाजूंना एकच पान घेऊन आजी आणि नात बसल्या. एरवी त्या दोघींचं बोलणं "जेवलीस का, शाळा कशी आहे" इथंच संपतं. मुलीला मराठी समजतं, बोलताना अडते. आज हात चालू होते, त्यामुळे गप्प राहिलं तरी अवघड वाटत नव्हतं. मध्येच तिनं विचारलं, ही दोन बायका कोण? आईंनी रंगवता रंगवता जिवतीची कहाणी सांगितली, अगदी सावकाश, कुठलाही शब्द सोपा न करता. मुलगी ऐकत होती आणि पाळणा निळा करत होती. आजीनं पिवळा केलाय हे पाहूनही तिनं निळाच ठेवला, ते मला फार आवडलं.

नवरा ऑफिसमधून आला, उभ्या उभ्या एक हिरवी पेन्सिल उचलली आणि कालियाच्या फण्यांवर खवले भरायला लागला. कपडे बदलायला तासानं गेला.

रंगवलेली पानं रद्दीत जाऊ द्यायची नाहीत, हे आईंनी बजावलंय. फाइल केलीय. पुढच्या शुक्रवारसाठी बुध-बृहस्पतीचा चौकोन ए-थ्रीवर काढून आणायचा आहे, सगळ्यांना एकाच पानावर बसता येईल असा. वाघ धाकट्याला हवाय. हत्ती आईंनी आधीच मागून ठेवलाय, आणि त्याच्या झुलीला राणी कलर लागेल, तेवढी सुटी पेन्सिल आण म्हणाल्या.