ऊसतोडीच्या तळावरची शाळा: मदत कधी द्यायची आणि कशाला

ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी काही करायचं ठरलं की बहुतेक मंडळी जूनमध्ये वह्या-दप्तरं घेऊन निघतात. जूनमध्ये ही मुलं बीड, जालना, परभणीकडच्या आपापल्या गावात असतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत नाव असतं, पुस्तकं सरकारकडून मिळालेली असतात. अडचण सुरू होते ती दसरा-दिवाळीनंतर. मुकादमाची गाडी लागते, बिऱ्हाड कोल्हापूर-सांगलीकडे नाहीतर थेट कर्नाटकात जातं आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपून मार्च-एप्रिल उजाडेपर्यंत, परतत नाही.

त्यामुळे तळावरच्या, म्हणजे टोळ्यांच्या मुक्कामाच्या जागी चालणाऱ्या, शाळेला देणगी देताना पहिला प्रश्न हाच विचारा, की नोव्हेंबर ते एप्रिल शिकवणाऱ्यांचं मानधन कुठून येतं? वस्तू द्यायला दहा जण पुढे येतात, मानधनाला कोणी येत नाही. मग जानेवारीत शिक्षक दुसरं काम धरतो आणि शाळा म्हणजे फळा टांगलेली पत्र्याची शेड उरते. ६० मुलांमागे २ शिक्षक आणि १ मावशी, सलग ६ महिने, एवढं पक्कं असेल तरच बाकीच्या खरेदीला अर्थ आहे.

दुसरा प्रश्न टोळी कोणत्या प्रकारची आहे, हा. बैलगाडीवाले कारखान्याजवळ एकाच तळावर हंगामभर राहतात, तिथे शाळा टिकते. डोकी सेंटरची टोळी डोक्यावर मोळ्या वाहून ट्रक-ट्रॅक्टर भरते आणि फड संपला की पुढच्या गावाला सरकते. तिथे शेड बांधणं म्हणजे पैसे मातीत घालणं. त्या मुलांना तळाजवळच्या जिल्हा परिषद शाळेत बसवायचं, आणि टोळी हलली की पुढच्या शाळेत नेऊन बसवणारा माणूस नेमायचा. शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. हे त्या माणसाला पाठ असलं पाहिजे, कारण शाळेच्या दारात त्याला पहिलं वाक्य तेच ऐकवलं जातं: दाखला कुठाय?

गळती कुठे होते ते पाहायचं तर पट उघडून नऊ ते तेरा वयाच्या मुलींची हजेरी बघा. आई-बाप पहाटे अंधारात फडावर जातात. मागे कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, धाकटं भावंड असतं, पाणी भरायचं असतं, संध्याकाळची भाकरी असते. मुलगी शाळेत येते ती कडेवर बाळ घेऊन. 'लहान मुलं आणायची नाहीत' असा नियम करणारी शाळा त्या मुलीला घरी पाठवते, इतकं हे सरळ आहे. वर्गाच्या शेजारीच पाळणाघर हवं: चार झोळ्या, एक जाड सतरंजी, उकळलेलं पाणी, लहानग्यांना दोनदा खायला आणि एक मावशी. माझ्या मते अख्ख्या शाळेत याहून जास्त उपयोगी खर्च दुसरा नाही. शाळा पाचला बंद करणंही चुकीचंच. गाड्या वजनकाट्यावर रांगेत उभ्या असतात, आई-बाप अंधार पडल्यावर येतात. तोवर मुलं सुरक्षित हवीत.

शिकवताना इयत्तेप्रमाणे बसवू नये. पाचवीतलं मूल जोडाक्षराला अडतं आणि दुसरीतलं सलग गोष्ट वाचतं, हे रोजचं चित्र. पहिल्या आठवड्यात प्रत्येकाकडून वाचून घेऊन अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट असे चार गट करावेत. दर महिन्याला पुन्हा तपासून मुलं पुढच्या गटात सरकवावीत. हंगामाच्या शेवटी या तपासणीच्या नोंदीचं एक पान आणि महिनावार हजेरी मूळ गावच्या शाळेकडे जायलाच हवी. नाहीतर सहा महिने शिकूनही गावच्या हजेरीपटावर मूल गैरहजरच दिसतं. त्यासाठी दाखल होतानाच मूळ शाळेचं नाव, तिचा ११ अंकी यू-डायस क्रमांक (शाळेचा सरकारी ओळख क्रमांक) आणि तिथल्या मुख्याध्यापकांचा फोन लिहून घ्यावा.

वस्तूंचं म्हणाल तर वह्या कोपीत देऊ नका. पाचटाच्या छपरातून दव गळतं आणि सकाळी पानं एकमेकांना चिकटलेली असतात. वह्या शाळेतच पत्र्याच्या पेटीत ठेवायच्या, घरी पाटी-पेन्सिल जाऊ द्यायची. अभ्यासाला दिवा द्यायचा तर सौर कंदील द्या. पाचटाच्या घरात मेणबत्ती म्हणजे आगीला आमंत्रण. बूट अंदाजाने आणले की निम्मे परत जातात. प्रत्येकाचा पाय रद्दी कागदावर ठेवून पेन्सिलीने रेघ ओढायची, कागदावर नाव लिहायचं आणि तो गठ्ठाच दुकानात न्यायचा. टॅबलेट मात्र नकोच, तळावर मोबाईल चार्ज करायची मारामार असते.

मूल गावीच ठेवता आलं तर ते सगळ्यात बरं. त्यासाठी सरकारी हंगामी वसतिगृह योजना आहे. मूल आजीकडे किंवा नातेवाइकांकडे राहतं, दुपारचं जेवण शाळेत होतं, सकाळ-संध्याकाळचं या योजनेतून. पण स्थलांतराआधी सर्वेक्षणात नाव आलं नाही तर मूल यादीबाहेर राहतं, आणि अनुदान उशिरा आलं की किराणा उधारीवर चालतो. देणगीदाराने पहिल्या दोन महिन्यांचा किराणा उचलला तर मुलं टिकतात. हिशेब करताना रविवार आणि सुट्ट्या धरा, त्या दिवशी शाळेचं दुपारचं जेवण नसतं. हे हमखास विसरलं जातं.

पैसे बँकेतूनच द्या, २,००० रुपयांच्या वर रोख देणगीवर आयकरातली देणगीची (८०जी) सवलत मिळत नाही. आणि संस्थेकडून फोटो मागण्याऐवजी दर महिन्याला दोन आकडे मागा: पटावर किती, आणि त्यातल्या नऊ वर्षांवरच्या मुली किती.